आठवड्याची वही : पालक-शिक्षकांचे प्रश्न

आठवडाभरात शाळेत नि आजूबाजूला जे घडलं ते मुलांनी लिहून ठेवायचं, अशा वहीबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. दर आठवड्याला शाळेतल्या एखाद्या घडामोडीवर दहा ओळी लिहायच्या असतात. ‘शाळेत गेलो, तास झाले, खेळलो, खूप मजा आली’ यापुढे त्याची गाडी जात नाही. विचारलं तर ‘काही नाही झालं’ म्हणतो.

उत्तर : ‘आज शाळेत काय झालं?’ हा प्रश्नच मुलाला अडवतो. रोज घडणाऱ्या गोष्टींचा एक ठरलेला क्रम मुलांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो : घंटा, प्रार्थना, तास, सुट्टी, पुन्हा तास. सरसकट प्रश्न विचारला की तो क्रम जसाच्या तसा बाहेर येतो. म्हणजे त्याला आठवत नाही असं नव्हे. आपण नेहमीच्या दिवसाबद्दल विचारलं, त्यानं नेहमीच्या दिवसाचं उत्तर दिलं. म्हणून रोजच्यापेक्षा वेगळं काय होतं, तिथे बोट ठेवा. आज कोण दुसऱ्याच जागेवर बसलं होतं? कशाची वाट बघावी लागली? बाई काय आणायला विसरल्या? आवाज कशाचा येत होता?

दुसरी गोष्ट, आठवड्यातला एकच प्रसंग घ्या, आणि त्यातलाही एकच तुकडा. समजा अग्निशमन दलाची गाडी शाळेत आली होती. मुलगा लिहितो, ‘गाडी आली. आम्हाला माहिती दिली. मजा आली.’ आता विचारा : तू कुठे उभा होतास? तिथून काय दिसत होतं? पाणी सुरू झालं तेव्हा पाइपाचं काय झालं? मग असं काही हाती लागतं : ‘मी मागच्या रांगेत होतो म्हणून मला फक्त शिडी दिसत होती. पाइप आधी चपटा होता. पाणी आल्यावर एकदम गोल झाला आणि हलायला लागला. दोन काकांनी मिळून धरला.’ यात ‘खूप’ नाही, ‘मजा’ नाही, तरी मजा वाचणाऱ्याला कळते.

पद्धत अशी ठेवा. पहिली दहा मिनिटं नुसतं बोला, वही मिटलेली. बोलताना त्याच्या तोंडून आलेले चार-पाच शब्द चिठ्ठीवर टिपा : शिडी, चपटा, गोल, दोन काका. ती चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं त्याला एकट्याला लिहू द्या. बहुतेक घरांत गाडं अडतं ते इथेच : पालक शेजारी बसून वाक्य सांगायला लागतात. एकदा वाक्य सांगितलं की पुढच्या आठवड्यात मूल पेन्सिल धरून तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. अडलाच तर चिठ्ठीवरच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवा, इतकंच.

लिहून झाल्यावर त्यालाच मोठ्यानं वाचू द्या. ‘मग… मग… मग…’ अशी माळ लागली असेल तर यातला कुठला ‘मग’ सर्वांत महत्त्वाचा, ते विचारा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायला सांगा. दहा ओळींची अट शाळेची असेल तर पाळा, पण ओळी भरण्यासाठी दुसरा प्रसंग जोडू नका. त्याच प्रसंगाबद्दल आणखी दोन प्रश्न विचारा.

प्रश्न : आम्ही रविवारी संध्याकाळी लिहायला बसतो. सोमवार-मंगळवारचं मुलीला काही आठवत नाही आणि शेवटी रडारड होते.

उत्तर : वेळ बदला. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी 1885 मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर मंदावतो. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले होते. खरा प्रसंग त्यापेक्षा चांगला टिकतो, पण त्यातले बारकावे असेच आधी गळतात. शिवाय दोन सारखे दिवस एकमेकांत मिसळतात. सोमवारच्या कवायतीत पडलेला मित्र रविवारी आठवताना गुरुवारच्या कवायतीत जाऊन पडतो.

उपाय छोटा आहे. दप्तर ठेवायच्या जागी एक पाकीट चिकटवा. रोज घरी आल्यावर एका कागदाच्या तुकड्यावर वार आणि तीन शब्द, बस्स. वाक्य नको. ‘मंगळ : खडू, शिंक, टाळ्या.’ याला एक मिनिटही लागत नाही. आठवड्याच्या शेवटी पाच तुकडे मांडायचे आणि मुलीनंच एक निवडायचा. उरलेले पाकिटातच राहू द्या. एखाद्या रिकाम्या आठवड्यात कामाला येतात. लिहिण्यासाठी सुट्टीच्या दिवशी सकाळची वेळ बरी. रविवारी संध्याकाळी उद्याच्या शाळेचा ताण आधीच आलेला असतो.

प्रश्न : वस्तीतल्या कार्यक्रमांना (स्वच्छता, झाडं लावणं, ग्रंथालयाचा मेळावा) मुलांना नेतो, पण त्यांना कंटाळा येतो आणि लिहायला काही उरत नाही.

उत्तर : कार्यक्रम मोठ्यांच्या उंचीवर चालतो, मुलाला पाठी आणि पाय दिसतात. म्हणून त्याला जाण्याआधीच एक काम ठरवून द्या. दोन प्रकारची कामं हमखास चालतात. एक मोजण्याचं : खड्डे किती, रोपं किती, एका रोपाला किती तांब्ये पाणी घातलं, खड्डा आपल्या गुडघ्यापर्यंत आला की नाही. दुसरं विचारण्याचं : काम करणाऱ्या एका माणसाला तीन प्रश्न, आणि तेही घरूनच लिहून न्यायचे. ‘तुम्ही आज किती वाजता आलात? सर्वांत अवघड काय गेलं? उद्या इथे कोण येणार?’ हो-नाहीत उत्तर येईल असा प्रश्न घेऊ नका.

खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल द्या. शाई ओल्या हातांनी पसरते, पेन्सिलचं तसं होत नाही. अर्ध्या तासानंतर मुलाचं लक्ष उडतं. तेव्हा निघता येत असेल तर निघा. पूर्ण कार्यक्रम बघायलाच हवा असं नाही. वही बाहेर कुठे छापणार किंवा फोटो काढून पाठवणार असाल तर इतर मुलांची नावं आणि चेहरे आधी काढून टाका.

प्रश्न : धाकटी पहिलीत आहे, तिला अजून लिहिता येत नाही. तिनं काय करावं?

उत्तर : चित्र काढावं, मग तिनं सांगावं आणि तुम्ही लिहावं. मात्र तिचे शब्द तसेच्या तसे लिहा. ‘तो भोंगा लई जोरात वाजला’ असं ती म्हणाली तर तेच लिहा. तुम्ही ‘भोंग्याचा आवाज फार मोठा होता’ केलंत की तिला ते बोट ठेवून परत वाचता येत नाही, कारण ते तिचं वाक्यच नाही. सुरुवातीला दोन वाक्यं पुरे.

प्रश्न : शुद्धलेखनाच्या चुका लगेच सुधाराव्यात का?

उत्तर : लिहिताना मुळीच नाही. नंतर आठवड्याला एकच प्रकारची चूक घ्या. सगळी वही लाल झाली की मूल त्याला येणारेच शब्द वापरायला लागतं, आणि लिखाण पुन्हा ‘मजा आली’वर येतं. सर्वांत जास्त कामाला येणारे दोन नियम असे. मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ : पाणी, पेटी, लाडू. ‘आणि’ व ‘नि’ हे अपवाद पाठच करून घ्या. दुसरा, मराठी शब्दाला प्रत्यय लागताना त्याच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व होतो : फूल, पण फुलाला, बहीण, पण बहिणीला. हे मुलाच्याच वाक्यातून दाखवा, वेगळी यादी गिरवायला देऊ नका. ‘केलं, गेलं’ असं बोलीतलं लिहिलं तर ते चूक म्हणून खोडू नका.

प्रश्न : माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत. इतक्या वह्या तपासायच्या कशा?

उत्तर : रोज आठ वह्या, पाच दिवसांत चाळीस. एका वहीला दोन मिनिटं धरली तर रोजची सोळा मिनिटं होतात. गुण देऊ नका आणि ‘छान’ही लिहू नका, समासात एक प्रश्न लिहा, ‘शिडी किती लांब होती?’ मूल त्याचं उत्तर पुढच्या पानावर लिहितं आणि तिथूनच त्याचं लिखाण वाढतं. आठवड्याला एक मजकूर मुलांनीच निवडून फळ्यावर घ्यावा. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकांनी 1920 च्या दशकात मुलांनी असे निवडलेले मजकूर वर्गातल्याच छोट्या छापयंत्रावर मुलांकडून छापून घेतले होते. आपलं काम हस्तलिखित भित्तिपत्रकावरही भागतं.

एखाद्या वहीत कुणी मारतं, धमकावतं असं दिसलं तर तो मजकूर वर्गात वाचू नका, त्यात सुधारणा करू नका. त्याच दिवशी मुलाशी एकट्यानं बोला आणि मुख्याध्यापकांना सांगा.

प्रश्न : पानं, तिकिटं चिकटवून वही फुगते आणि शिवण उसवते.

उत्तर : प्रत्येक चिकटवलेल्या पानानंतरचं एक पान कापा, पण शिवणीजवळ दोन बोटं पट्टी ठेवा, तेवढ्यानं जाडी भरून निघते. झाडाचं पान ओलं चिकटवलं तर बुरशी येते. ते वर्तमानपत्रात घालून वर जड पुस्तकं ठेवा, पहिले दोन-तीन दिवस कागद रोज बदला, आठ-दहा दिवसांत ते वाळतं. मग गोंद न लावता कागदाच्या दोन पट्ट्यांनी अडकवा. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत तिकिटांवरची छपाई उजेडानं नि उष्णतेनं पुसट होते, म्हणून तारीख आणि ठिकाण शेजारी पेन्सिलीनं लिहायला लावा.