अमेरिकेत जन्मणाऱ्या मुलीला मधलं नाव वडिलांऐवजी दिवंगत आजीचं दिलं तर चालेल का?

तुमच्या आईचं नाव मुलीच्या मधल्या नावात यावं असं तुम्हाला वाटतं, आणि सासरचे म्हणतात की मधे बापाचंच नाव लागतं. माझं मत विचाराल तर खुशाल आईचं द्या. अमेरिकेत ती जागा कोरी सोडली तरी कुणी काही म्हणत नाही. महाराष्ट्रातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असा क्रम आला आहे, म्हणजे बापाच्या आधी आई आलीच की! हे सासरी जरूर सांगा.

आजीआजोबांचं नाव नातवंडाला देणं तर आपल्याकडे जुनंच. बाळाजी विश्वनाथ पेशवे १७२० च्या एप्रिलमध्ये गेले. त्याच वर्षी डिसेंबरात बाजीरावांना मुलगा झाला, त्याचं नाव बाळाजीच ठेवलं. ओळखतात मात्र सगळे त्याला नानासाहेब म्हणून. वडीलधाऱ्यांचं नाव पोराला ठेवलं की त्या नावानं पोराला ओरडायचं कसं, हा प्रश्न घरोघरी असायचा. आमच्या सासूबाईंनी सासऱ्यांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. तेच नाव आम्ही मुलाचं पहिलं नाव म्हणून ठेवलं असतं, तर त्यांनी नातवाला हाक तरी काय मारली असती? म्हणून ते मधे घातलं. कागदावर सासरे आहेत, आणि 'दूध पी रे मेल्या' हे ऐकायला पहिलं नाव आहे. नाव जुन्या वळणाचं, लांबलचक असेल तरी मधे खपून जातं, शाळेत बाईंची जीभ अडखळत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. तुमच्या आईचं लग्नात नाव बदललं होतं का? आपल्याकडच्या कितीतरी आज्यांना दोन नावं असतात, आणि माहेरचं नाव घेणारं शेवटी एखादी बहीण किंवा मावशीच उरते. असं असेल तर मी माहेरचं देईन. सासरचं नाव पासपोर्टपासून बँकेपर्यंत सगळीकडे छापून झालेलं असतं, माहेरचं बिचारं कुठेच नसतं. अर्थात तिला स्वतःला कुठलं आवडायचं हे तुम्हालाच ठाऊक. सासरचंच देणार असाल तर इंग्रजी स्पेलिंग तिच्या पासपोर्टवर होतं तेच ठेवा.

आता घाईचं. बारसं बाराव्या दिवशी असलं तरी हॉस्पिटलात जन्मदाखल्याचा फॉर्म सहसा घरी सोडण्याआधीच भरून घेतात. त्या वेळी फोनवर तिकडच्या लोकांशी वाद घालायला अंगात त्राण नसतं, तेव्हा नवऱ्याशी आत्ताच बोलून स्पेलिंगसकट लिहून ठेवा. नंतर बदल करायचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, काही वेळा कोर्टापर्यंत जावं लागतं. अमेरिकन पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात येतं. पुढे ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं त्या कार्डाचा, अर्ज भराल तेव्हा नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच लिहा. वडिलांचं नाव तिथे वेगळं विचारतात, त्यामुळे ते कुठे हरवत नाही. पुण्यातला एखादा कारकून मधलं नाव बघून 'हे वडिलांचं का?' असं विचारेल, त्याला 'आजीचं' म्हणून सांगायचं.