लेडीस्मिथ ब्लॅक मंबाझोचे जुने गायक गेल्यावरही तो गट तोच राहिला, असे म्हणता येईल का?

माझ्या मते म्हणता येईल, कारण या गटाचा पाया एखाद्या आवाजावर नव्हे, तर आवाजांच्या मांडणीवर घातला गेला. दक्षिण आफ्रिकेतील लेडीस्मिथजवळच्या शेतमजूर कुटुंबात वाढलेल्या जोसेफ शबालाला यांनी 1960 च्या दशकात भाऊ आणि माझिबुको घराण्यातील नात्यातले भाऊ यांना घेऊन हा गट बांधला. तिथल्या झुलू लोकांच्या, वाद्यांशिवाय गायच्या या शैलीला इसिकाथामिया म्हणतात. गावापासून दूर, खाणींच्या आणि कारखान्यांच्या वसतिगृहांत एकटे राहणाऱ्या मजुरांनी शनिवारी रात्रीच्या स्पर्धांमधून ती जोपासली होती. जोसेफ यांनी तिच्यातला आरडाओरडा कमी केला, वरच्या पट्टीचे आवाज अगदी मोजके ठेवले आणि बाकी जवळजवळ सगळा गट खर्जात गायला लावला. मुख्य गायक पुढे एक ओळ टाकतो आणि मागचा खर्ज ती सावकाश उचलून धरतो. वारकरी भजन ऐकणाऱ्या कानाला ही देवघेव मुळीच परकी वाटत नाही.

अमेरिकी गायक पॉल सायमन यांच्या 1986 च्या 'ग्रेसलँड' या अल्बममुळे, ज्यात हा गट गायला होता, तो जगाला कळला हे खरे. पण त्यांनीच तो घडवला, असे जे सर्रास लिहिले जाते ते मला पटत नाही. 'अमाबुथो' हा पहिला अल्बम 1973 मध्येच निघाला होता आणि मायदेशी गटाचे नाव तेव्हापासून घरोघरी पोहोचले होते.

सदस्य बदलले ते बरेचदा दुःखद कारणांनी. जोसेफ यांचे बंधू हेडमन, जे खर्जात गात, 1991 मध्ये एका गोऱ्या सुरक्षारक्षकाच्या गोळीने मारले गेले. तरीही दोन वर्षांनी, नेल्सन मंडेला नोबेल पारितोषिक स्वीकारायला ऑस्लोला गेले तेव्हा हा गट त्यांच्यासोबत होता. त्याच दशकापासून जोसेफ यांची मुले एकामागून एक गटात येऊ लागली. बाहेरून गायक निवडून आणण्याऐवजी घरातच ही गायकी ऐकत वाढलेली मुले उभी राहिल्यामुळे शब्दांचा उच्चार, श्वास घेण्याच्या जागा आणि पावलांचा ठेका त्यांना वेगळा शिकवावा लागला नसणार, असे मला वाटते. 2014 मध्ये जोसेफ निवृत्त झाले आणि नेतृत्व मुलगा थामसान्का याच्याकडे आले. 2020 मध्ये जोसेफ यांचे निधन झाले.

आपल्या प्रश्नाची शहानिशा कानांनीच करायची असेल, तर 1987 चा 'शाका झुलू' आणि तीच गाणी पुढच्या पिढीने 2017 मध्ये पुन्हा गायलेला 'शाका झुलू रिव्हिजिटेड' लागोपाठ ऐकावेत. या दोन्ही अल्बमना ग्रॅमी मिळाले आहे. पुढचा आवाज बदलल्याचे पहिल्याच गाण्यात कळते आणि जोसेफ यांच्या स्वरातली ती मऊ, किंचित कापरी आर्जवे नव्या अल्बममध्ये मला सापडत नाहीत, मागच्या खर्जात मात्र फारसा फरक जाणवत नाही.