सैन्याच्या मेडिकल बोर्डाने ३०% अपंगत्व लिहिलं पण डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, आता काही करता येतं का?

येतं की. बोर्डाने लिहिलं म्हणजे विषय संपला, हे आधी डोक्यातून काढा.

तुम्ही लिहिलंय की भाऊ सैन्यात हवालदार होता, २०२१ला १७ वर्षं करून पेन्शनवर आला, ट्रेनिंगमध्ये ऑब्स्टॅकल (अडथळे पार करणं) करताना गुडघा गेला, नंतर बीपी पण लागलं, रिलीज मेडिकल बोर्डाने (नोकरी सोडताना तपासणारं डॉक्टरांचं मंडळ) दोन्ही मिळून ३०% दिलं पण 'सर्व्हिसशी संबंध नाही' असा शेरा मारला. मी रेकॉर्ड ऑफिसात (जवानांच्या नोकरीचे कागद ठेवतात तिथे) क्लार्क होतो, असे शेरे रोज बघायचो. नियम असा की अपंगत्व २०% किंवा जास्त पाहिजे आणि ते नोकरीमुळे झालेलं किंवा नोकरीमुळे वाढलेलं पाहिजे. टक्के तुमच्याकडे आहेत, भांडण फक्त दुसऱ्या अटीचं आहे.

आता गुडघा आणि बीपी वेगळं धरा, इथेच लोक गोंधळ घालतात. गुडघ्याला सगळ्यात मोठा कागद म्हणजे इंज्युरी रिपोर्ट, फॉर्म आयएएफवाय २००६, त्यावर सीओ (युनिटचा कमांडिंग ऑफिसर) लिहितो की मार ड्युटीवर लागला का, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्याची अंतर्गत चौकशी) झाली असेल तर तिची पण कॉपी. हे कागद असले की निम्मं काम झालं, नसले तर वकील कितीही भारी असू दे, घाम फुटतो. बोर्डाची प्रोसिडिंग आणि हे सगळं रेकॉर्ड ऑफिसकडून मागा, नाही दिलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका.

बीपीच्या बाबतीत बोर्ड बऱ्याचदा एवढंच लिहितं की आजार पीस स्टेशनला (सीमेपासून लांब, शांत ठिकाणची पोस्टिंग) असताना सुरू झाला, संपलं. पण सुप्रीम कोर्टाने २०१३ला धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस तंदुरुस्त होता असंच धरायचं, आणि संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. कारण न देता मारलेला शेरा तिथे टिकत नाही.

पैशाचं बघा. १००% अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३०% डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) असतो. पगार ४०,००० धरला तर १२,०००, म्हणजे ३०% वाल्याला ३,६००. पण ५०%च्या खालचं अपंगत्व ५०% धरतात, मग तेच ६,००० होतात, वर महागाई, आणि हे नेहमीच्या पेन्शनशिवाय. पूर्ण नोकरी करून बाहेर पडलेल्यांना हे राउंडिंग मिळत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टाच्या २०१४च्या राम अवतार निकालाने ते मिळतं.

रस्ता असा, पहिलं अपील, मग दुसरं, मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल (सैन्यातल्या लोकांच्या केसेस बघणारं न्यायाधिकरण), आपल्याकडे मुंबईत बेंच आहे. मुदत सहा महिन्यांची, तुमची कधीच गेली, पण पेन्शन ही दर महिन्याची बाब असल्यामुळे उशीर माफ होतो, थकबाकी मात्र बहुतेक वेळा अर्जाच्या मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते (सुप्रीम कोर्टाचा तरसेम सिंग निकाल, २००८), म्हणून बसून राहू नका. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, फुकट मदत करतात. गावातल्या 'सेटिंग करून देतो' वाल्याला टक्केवारी देऊ नका प्लीज.

अजून एक, २१ सप्टेंबर २०२३पासून डिसॅबिलिटी पेन्शनचे नवीन नियम आलेत, ते त्यानंतर बाहेर पडलेल्यांना, तुमच्या भावाला जुनेच. आणि गुडघा सुट्टीत गाडीवरून पडून गेला असता तर केस अवघड झाली असती, सुप्रीम कोर्ट २०१९ला म्हणालंय की सुट्टीतल्या अपघाताचा नोकरीशी संबंध दाखवावा लागतो. गंमत म्हणजे त्या केसचं नाव पण धरमबीर सिंगच, सरकारी वकील तोच निकाल पुढे करेल, तेव्हा आपल्याला २०१३चा हवाय हे तुमच्या वकिलाला आठवणीने सांगा.