पेनड्राइव्ह बूट झाला, पण डिस्क कुठे गेली?

बॅकअप वेळच्या वेळी होतो, पण तो परत आणायची वेळ आली की रिकव्हरी पेनड्राइव्हचं, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू (बूट) करून बॅकअप परत आणायचा (रिस्टोर करायचा) त्याचं, मशीनशी जमत नाही. या वेळचे सगळे प्रश्न याच अडचणीचे आहेत.

प्रश्न : माझा रिकव्हरी पेनड्राइव्ह जुन्या डेस्कटॉपवर व्यवस्थित चालतो. नव्या लॅपटॉपच्या बूट मेनूत मात्र त्याचं नावच येत नाही. पेनड्राइव्ह बिघडला का?

बहुधा नाही. तो फक्त जुन्या लेगसी बायॉससाठी बनवलेला असणार. बायॉस म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणारं, त्यातच बसवलेलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर). बायॉसची ही जुनी सोय २०२० पर्यंत बंद करण्याचा बेत इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता. आता बऱ्याच लॅपटॉपांत निव्वळ यूईएफआय हे त्याच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर असतं (त्याच्या सेटिंगलाही सवयीने बायॉसच म्हणतात). पेनड्राइव्ह उघडून बघा. त्यात ‘ईएफआय’ फोल्डर, त्याच्या आत ‘बूट’ आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल हवी. फॉरमॅट फॅट३२ असावा, कारण एनटीएफएस हा विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट वाचणं अनेक फर्मवेअरना जमत नाही. यातलं काही नसेल तर बॅकअप प्रोग्रॅममधून यूईएफआयचा पर्याय निवडून पेनड्राइव्ह नव्याने बनवा. लॅपटॉप एआरएम प्रोसेसरचा असेल, तर इंटेल-एएमडीसाठीचा पेनड्राइव्ह त्यावर चालणारच नाही.

प्रश्न : पेनड्राइव्ह बूट होतो, प्रोग्रॅमही उघडतो. पण रिस्टोर कुठे करायचं ते निवडताना यादीत फक्त पेनड्राइव्ह दिसतो. लॅपटॉपमधली एसएसडी गायब! बायॉसमध्ये मात्र ती आहे. एसएसडी बदलावी का?

कृपा करून बदलू नका. बायॉसला दिसते आहे, म्हणजे ती मेलेली नाही. अशा वेळी घाबरून चांगली एसएसडी काढून टाकली जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून, म्हणजे साधारण २०२० नंतर, बऱ्याच लॅपटॉपांत एनव्हीएमई प्रकारची वेगवान एसएसडी व्हीएमडी नावाच्या, डिस्कचा कारभार बघणाऱ्या कंट्रोलरच्या मागे असते. तुमच्या रोजच्या विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम, घातलेला असतो. रिकव्हरी पेनड्राइव्हवर असतं ते विंडोजचं छोटं रूप, विनपीई, आणि त्यात हा ड्रायव्हर बहुधा नसतो. त्यामुळे कंट्रोलरच ओळखला जात नाही, आणि त्यामागची डिस्क दिसायचा प्रश्नच येत नाही.

खात्री करायची तर पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘डिस्कपार्ट’ चालवा आणि ‘लिस्ट डिस्क’ म्हणा. तिथेही एसएसडी नसेल, तर दोष बॅकअप प्रोग्रॅमचा नाही, ड्रायव्हरचा आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर उतरवा. तो एक्सई फाइल म्हणून मिळाला तर तसाच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही. आतल्या आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फाइली सुट्या काढाव्या लागतात. मग विनपीईत ‘डीआरव्हीलोड’ कमांडपुढे त्या आयएनएफ फाइलचा पूर्ण पत्ता द्या आणि डिस्कची यादी पुन्हा मागवा. एसएसडी दिसली की काम झालं. पण हा ड्रायव्हर फक्त मेमरीत चढतो, रीस्टार्ट केलं की जातो. म्हणून नंतर तोच ड्रायव्हर घालून पेनड्राइव्ह नव्याने बनवा.

बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा, असा सल्लाही तुम्हाला मिळेल. त्याने डिस्क दिसते हे खरं. पण व्हीएमडी चालू असताना बसवलेलं विंडोज त्यानंतर सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकू शकतं. मी तो मार्ग सुचवत नाही, निदान आधी ड्रायव्हर घालून पाहिल्याशिवाय तरी नाही.

प्रश्न : मागच्या वर्षी चालणारा पेनड्राइव्ह आता ‘सिक्युअर बूट’चा इशारा देऊन थांबतो. मी तर काहीच बदललं नाही.

तुम्ही नाही, पण अपडेटने बदललं असू शकतं. सिक्युअर बूट म्हणजे फक्त विश्वासू सही असलेले प्रोग्रॅमच बूट होऊ देणारी फर्मवेअरची सोय. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस या बूटकिटमुळे (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या घातक प्रोग्रॅममुळे) मायक्रोसॉफ्टने जुने, कमकुवत बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज सुरू करून देणारे प्रोग्रॅम, टप्प्याटप्प्याने बाद करायला सुरुवात केली. बाद केलेल्यांची यादी मशीनच्या फर्मवेअरमध्ये नोंदली गेली की जुन्या पेनड्राइव्हवरचा बूट मॅनेजर नाकारला जातो. त्यातच ही सही तपासणारी २०११ ची प्रमाणपत्रं २०२६ मध्ये संपत असून त्यांच्या जागी २०२३ ची येत आहेत. नुसती मुदत संपल्याने चालू मशीन बंद पडत नाही, पण पेनड्राइव्ह जुना आणि मशीन अद्ययावत, किंवा नेमकं उलटं, असं झालं की खटका उडतो. विंडोज आणि फर्मवेअर अपडेट करून, बॅकअप प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती घेऊन पेनड्राइव्ह पुन्हा बनवा.

अगदीच अडलं तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करता येतं. त्याआधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हातात आहे ना, हे बघा. सेटिंग बदलल्यावर मशीन ती मागू शकतं आणि की नसेल तर डिस्कवरचा डेटा कुलूपबंदच राहतो.

प्रश्न : बॅकअप नेटवर्कवरच्या एनएएसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, आहे. पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर नेटवर्कच मिळत नाही.

इथेही कारण ड्रायव्हरच. अडीच गिगाबिटची नवी लॅन कार्डं जुन्या विनपीईला ओळखता येत नाहीत. साध्या विनपीईत वायफायची सोयच नसते, ती विंडोजच्याच रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटवर बनवलेल्या पेनड्राइव्हवर मिळू शकते. केबल लावा आणि लॅनचा ड्रायव्हर वरच्याच पद्धतीने चढवा. ते जमेना तर बॅकअपची फाइल दुसऱ्या संगणकावरून बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. घाईत हाच रस्ता मला बरा वाटतो.

डेटा मोठा असेल तर आणखी एक गोष्ट. विनपीई सलग ७२ तास चालल्यावर आपोआप रीस्टार्ट होतं. केबल किंवा स्विच जुना असल्याने जोडणी १०० मेगाबिटवर अडकली, तर ४ टीबी यायला जवळपास ८९ तास लागतील, म्हणजे रिस्टोर मध्येच तुटेल. जोडणीचा वेग सुरुवातीलाच तपासा.

प्रश्न : जुनं मशीन जळालं. त्याची इमेज (अख्ख्या डिस्कची बॅकअप प्रत) नव्या मशीनवर रिस्टोर केली, तर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो.

विंडोज परत आलं आहे, पण नव्या मशीनचा स्टोरेज ड्रायव्हर त्याच्यात नाही. अनेक बॅकअप प्रोग्रॅमांत वेगळ्या हार्डवेअरवर रिस्टोर करण्याचा पर्याय असतो. तो रिस्टोर झालेल्या विंडोजमध्ये ड्रायव्हर घालतो. त्याला नव्या मशीनच्या ड्रायव्हरचं फोल्डर दाखवा. असा पर्याय नसेल तर पेनड्राइव्हवरून बूट करून ‘डिझम’ या विंडोजच्या कमांडच्या ‘ॲड-ड्रायव्हर’ने तेच करता येतं. त्यानंतर विंडोज पुन्हा सक्रिय (ॲक्टिव्हेट) करायला सांगू शकतं. इमेजमधल्या फायली तोवर तातडीने हव्या असतील, तर ती दुसऱ्या संगणकावर ड्राइव्हसारखी उघडून फायली काढून घ्या.