वाचकांचे प्रश्न : एअर रायफल .१७७ घ्यावी की .२२?

प्रश्न : ससे आणि पिकावर उतरणारी कबुतरं यांच्यासाठी एअर रायफल घ्यायची आहे. मी राहतो तिथे याला परवानगी आहे, कागदपत्रं रीतसर केलीत. स्प्रिंगवाली बघतोय, ताकद साधारण १६ जूल. मित्र म्हणतो .१७७ घे, छर्रा सरळ जातो, विकणारा म्हणतो .२२ शिवाय सशाला हात लावू नका, आणि तिसरा एकजण .२५ च्या मागे लागलाय. मला ४० मीटरपर्यंत मारता यायला हवं. काय घेऊ?

उत्तर : सगळ्यात आधी हे बघा की तुमचे जूल, म्हणजे छर्रा ज्या ऊर्जेने बाहेर पडतो ती, ठरलेले आहेत. स्प्रिंगमध्ये जेवढा जोर आहे तेवढाच आहे, कॅलिबर, म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, मोठं घेतलं म्हणून तो वाढत नाही. .१७७ म्हणजे ४.५ मिमी, त्याचा नेहमीचा छर्रा ०.५४ ग्रॅमच्या आसपास असतो, .२२ म्हणजे ५.५ मिमी आणि छर्रा साधारण एक ग्रॅमचा, म्हणजे जवळपास दुप्पट जड. तोच जोर लावला तर हलका छर्रा सेकंदाला सुमारे २४० मीटरने निघतो आणि जड १७८ च्या आसपास. पुढचं सगळं भांडण या दोन आकड्यांमधून येतं. इंग्लंडमध्ये विना परवाना एअर रायफलला १२ फूट-पाउंडची, म्हणजे जवळजवळ तुमच्याच १६ जूलची मर्यादा आहे, त्यामुळे तिथले लोक वर्षानुवर्षं यावर वाद घालतायत आणि दोन्ही बाजूंना चांगले नेमबाज आहेत.

आता सशाचं बोलू. १६ जूलमध्ये सशाला मारायचं तर डोक्यातच, छातीवर किंवा पोटावर अजिबात नाही, आणि डोक्यातली नेमकी जागा कितीशी, तर डोळा आणि कानाच्या मधली जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरची. समजा तुमचा स्कोप (नेमाची दुर्बीण) ३० मीटरला झीरो केलाय, म्हणजे त्या अंतरावर नेम धराल तिथेच छर्रा लागतो, आणि ससा तुम्हाला ३० वर वाटला पण प्रत्यक्षात ४० वर बसलाय, गवतात ही चूक कुणाचीही होते. .१७७ चा छर्रा अंदाजे ३ सेंटीमीटर खाली लागेल, .२२ चा ६-७ सेंटीमीटर. म्हणजे पहिला नेमक्या जागेच्या कडेबाहेर जातो आणि दुसरा थेट जबड्यात किंवा त्याच्याखाली, आणि जबडा फुटलेला ससा बिळात शिरतो आणि तिथे दिवसभर तडफडत मरतो. हे मला सहन होत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

मग .२२ वाले खोटं बोलतात का, तर नाही. त्या छऱ्याचं तोंड .१७७ च्या जवळपास दीडपट क्षेत्रफळाचं असतं, तो जड असतो, हळू असतो, आत गेल्यावर आरपार निघून न जाता बराचसा जोर आतच टाकतो. जवळून मारलेलं कबुतर .२२ ने जागीच कोसळतं, तेच .१७७ ने कधीकधी आरपार भोक पडून शंभर मीटर उडत जाऊन पडतं. पण "मोठा छर्रा आहे, थोडं इकडेतिकडे लागलं तरी चालतं" हे जे ऐकवलं जातं त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका, फरक एक मिलिमीटरचा आहे, एक मिलिमीटर तुमची चुकीची जागा बरोबर करत नाही.

माझं मत विचाराल तर .२२ घ्या आणि ४० मीटर विसरा. ३० मीटरच्या आत राहायचं, त्यातही २०-२५ ला मिळालं तर उत्तम, तिथे अंतर चुकलं तरी छर्रा फार खाली जात नाही आणि मारा जोरदार बसतो. ससा जवळ येईपर्यंत बसून राहणं हा शिकारीचाच भाग आहे. जागाच अशी उघडी असेल की १५ ला एक आणि ३५ ला दुसरा दिसतो आणि पुढे सरकता येत नाही, तर मग .१७७ बरी. आणि ४० मीटर खरंच हवेच असतील तर कॅलिबरचा विचार सोडून ताकद वाढवा, पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल) घ्या, कायदा परवानगी देत असेल तर ३०-४० जूलची .२२, म्हणजे सरळ मार्ग आणि मारा दोन्ही एकत्र मिळतात.

.२५ बद्दल थोडक्यात, ६.३५ मिमीचा तो जड छर्रा १६ जूलच्या स्प्रिंगने फेकला तर त्याची इतकी कमान होते की २० मीटरच्या पुढे नेम म्हणजे अंदाजपंचे. ते कॅलिबर ताकदवान पीसीपीसाठी आहे, तिथे ते फार छान चालतं.

भारतातल्या वाचकांनी मात्र हे वाचून बंदूक उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली इथे शिकारीला बंदी आहे आणि ससा त्यातून सुटलेला नाही.

प्रश्न : बॉक्सवर १३०० फूट प्रति सेकंद लिहिलेली .१७७ मिळतेय. एवढा वेग म्हणजे मारा जास्त ना?

उत्तर : तो आकडा बहुतेक वेळा अगदी हलक्या, शिसं नसलेल्या छऱ्यावर काढलेला असतो, शिकारीचा शिशाचा छर्रा घातला की तो बराच उतरतो. आणि उतरतो तेच बरं, कारण आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ११०० फूट, आणि छऱ्याचा आकार बघा, पुढे गोल डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर, तो त्या वेगाच्या आसपास डगमगायला लागतो आणि नेम बिघडतो. जड छऱ्याने २४०-२८० मीटर प्रति सेकंद मिळत असेल तर ती बंदूक चांगली. विकत घेताना वेग विचारू नका, जूल विचारा, आणि ते कोणत्या वजनाच्या छऱ्याने मोजलेत ते विचारा.

प्रश्न : शिकारीला टोकदार छर्रे चांगले की गोल डोक्याचे?

उत्तर : गोल डोक्याचे. टोकदार दिसतात भारी पण ते टोक बरोबर मध्यावर असेलच असं नाही आणि लांबवर पसरतात. चपट्या डोक्याचे कागदावर स्वच्छ गोल भोक पाडायला आणि गोठ्यातल्या उंदरांना दहा-पंधरा मीटरवरून ठीक. पण कोणता ब्रँड, किती वजन हे मी सांगून उपयोग नाही, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, एकाच कारखान्यातल्या दोन बंदुकांनासुद्धा वेगवेगळे छर्रे मानवतात. चार-पाच प्रकारचे थोडे थोडे आणा, टेकण देऊन प्रत्येकाचे पाच-पाच मारा, ज्याची भोकं एकात एक पडतील तो तुमचा. स्प्रिंगच्या बंदुकीचं पुढचं लाकूड घट्ट धरू नका, हाताच्या तळव्यावर नुसतं ठेवा, तिचा झटका आधी मागे आणि मग पुढे येतो, आवळून धरली की दर वेळी वेगळीकडे मारते. त्याच कारणाने साधा स्कोप तिच्यावर लवकर खराब होतो, एअरगनसाठी बनवलेलाच घ्या.

मग तोच छर्रा घेऊन गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, जसं रानात माराल तसं कागदावर मारा. ज्या अंतरावर दहाच्या दहा छर्रे अडीच सेंटीमीटरच्या गोलात बसतात, ते तुमचं शिकारीचं अंतर. ते १८ मीटर आलं तर १८, त्याच्या पुढचा ससा जाऊ द्यायचा.