गोठ्याचा सल्ला: मुका माज, उलटणारी गाय आणि अडकलेली वार

प्रश्न : भिवंडीजवळ आमचा 14 मुऱ्हा म्हशींचा तबेला आहे. दिवाळीच्या सुमाराला व्यायलेल्या चार म्हशी अजून माजावर (गाभ धरण्याच्या तयारीत) आलेल्या नाहीत. आता मे उजाडला. रेडा ठेवलेला नाही. चौघींनाही माजावर आणायचं इंजेक्शन एकदमच देऊन टाकावं का?

उत्तर : इंजेक्शनाचं नंतर बोलू. चौघी माजावर येतच नाहीत, की येऊन जातात आणि तुमच्या लक्षात येत नाही, हे आधी ठरवायला हवं. बांधीव तबेल्यात दुसरीच शक्यता जास्त. गाय हंबरून गोठा डोक्यावर घेते. म्हैस बहुतेकदा मुका माज करते, म्हणजे माजावर येते पण तसं उघड दाखवत नाही. त्यात ती दावणीला कोब्यावर बांधलेली, म्हणजे दुसरीवर उडी घेणं किंवा कोणाला उडी घेऊ देणं हे उघड लक्षण दिसायची सोयच नाही.

म्हशीचा माज रात्री आणि पहाटे जास्त उमटतो. त्यामुळे पहाटेच्या धारेला, कोबा धुवायच्या आधी, बॅटरी घेऊन मागच्या बाजूने एक फेरी मारा. बहुतेक तबेल्यांत धार संपली की लगेच पाइप सुरू होतो आणि रात्रीचा सगळा पुरावा गटारात जातो. म्हैस बसली होती तिथे, शेपटीच्या गोंड्याला किंवा मांडीला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, तार धरणारा सोट (माजाचा स्राव) दिसतो का पाहा. योनीच्या सुरकुत्या जाऊन ती फुगलेली, आतून लालसर दिसते. म्हैस थोडंथोडं, पुन्हापुन्हा मुतते, पान्हा चोरते, वैरण अर्धी टाकते. यातलं एकच लक्षण दिसलं तरी तारीख लिहा आणि 18व्या दिवसापासून पुन्हा नजर ठेवा, कारण चक्र साधारण 21 दिवसांचं असतं. नसबंदी केलेला रेडा पहाटे-संध्याकाळ रांगेमागून फिरवणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय, पण तबेल्यात जागा असेल तर.

ऋतूचंही आहेच. म्हशीचा माज दिवस लहान होऊ लागले की खुलतो; सप्टेंबर ते फेब्रुवारी हे तिचे चांगले महिने. एप्रिल-मेमध्ये तो दबतो, आणि ठाण्याच्या दमट हवेत अंगावर नुसतं पाणी मारून फारसं भागत नाही, कारण ते वाळतच नाही. अंग भिजवायचं आणि लगेच पंख्याचा झोत द्यायचा, दुपारी हे तीन-चार वेळा करायचं. पत्र्याखाली पंखा नसेल तर आधी तो बसवा. इंजेक्शनांवर होणाऱ्या खर्चापेक्षा तो पैसा सत्कारणी लागेल.

आता इंजेक्शन. माजासाठी सर्रास दिलं जाणारं प्रोस्टाग्लँडिन हे संप्रेरक अंडाशयावर पीतपिंड (बीजांड सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) असेल तरच काम करतं, म्हणजे चक्राच्या साधारण 6व्या ते 16व्या दिवसापर्यंत. अंडाशय गुळगुळीत, निजलेलं असेल तर ते वाया जातं. म्हैस गाभण असेल तर गाभ पडतो, आणि बाजारातून आणलेल्या म्हशीचा पूर्वेतिहास कोणी सांगत नाही. म्हणून चौघींचीही आधी पशुवैद्याकडून गुदमार्गे तपासणी, मगच सुई. इंजेक्शनानंतर 2 ते 5 दिवसांत येणारा माजही मुकाच असू शकतो. मुक्या माजाच्या म्हशींसाठी वेळ ठरवून रेतन (कृत्रिम रीतीने रेत भरणं) करणं बरं : पहिल्या दिवशी जीएनआरएच (बीजांड सुटायला लावणारं संप्रेरक), 7 दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर 2 दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि त्यानंतर 16 ते 20 तासांनी रेतन, माज दिसो वा न दिसो. प्रोस्टाग्लँडिनची बाटली गरोदर बाईने किंवा दमेकऱ्याने हाताळू नये. ते कातडीतूनही शोषलं जातं.

प्रश्न : मुरबाड तालुक्यात आमची एक संकरित होल्स्टीन गाय आहे. चार वेळा रेतन केलं, चारही वेळा 20-22 दिवसांनी उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली. दिसायला तब्येत चांगली आहे. रेतमात्राच खराब असेल का?

उत्तर : असेलही, पण संशयाची सुरुवात घड्याळापासून करा. दर वेळी माज पहिल्यांदा किती वाजता दिसला आणि रेतन किती वाजता झालं? गाईचा माज 12 ते 18 तास टिकतो, बीजांड माज संपल्यावर 10-12 तासांनी सुटतं आणि सुटल्यावर काही तासच फळण्याजोगं राहतं. म्हणून सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन. वाडीपर्यंत रेतक पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, तर रेतमात्रा कितीही चांगली असो, गाय उलटणारच. सकाळी माज दिसताक्षणी फोन करा. दूध घालून आल्यावर नको.

दुसरी गोष्ट कांडीची, म्हणजे गोठवलेलं रेत भरलेल्या बारीक नळीची. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढलेली कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद धरायची, कोरडी पुसायची, मगच कापायची. कांडीवर राहिलेला पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. कांडी खिशात किंवा तळहातावर चोळून वितळवताना दिसली तर तिथेच थांबवा. वाईटपणा येईल, येऊ द्या. एक थर्मास आणि थर्मामीटर गोठ्यातच ठेवावा. रिकामी कांडी फेकू नका. तिच्यावरचा वळूचा क्रमांक तारखेसह वहीत उतरवा, नाहीतर चार वर्षांनी याच गाईच्या कालवडीला बापाचंच रेत भरलं जातं.

तिसरं, सोट. तो काचेसारखा स्वच्छ हवा. त्यात पांढरे कण, गढूळपणा किंवा वास असेल तर गर्भाशयाला संसर्ग आहे. त्या माजाला रेतन करू नका, आधी उपचार. तीन वेळा उलटली की चौथी कांडी वापरण्याआधीच तपासणी व्हायला हवी होती. खुराकाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. भाताच्या पेंढ्यावरच भागवत असाल तर त्यात प्रथिनं आणि खनिजं दोन्ही कमी पडतात. रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण आणि जोडीला हिरवा चारा सुरू करा.

प्रश्न : शहापूर. माजानंतर दोन दिवसांनी कालवडीला रक्त आलं. रेतन फुकट गेलं का?

उत्तर : नाही. माज सरल्यावर एक-दोन दिवसांनी थोडं रक्त दिसणं कालवडीत नेहमीचंच. गाभ राहिला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. ज्या जनावराचा माज तुम्ही पाहिलाच नाही, तिथे मात्र हे रक्त कामाचं : माज नुकताच होऊन गेला, आता 18-19 दिवसांनी पहारा ठेवा.

प्रश्न : घणसोली. म्हशीची वार (व्यायल्यावर बाहेर पडणारा गर्भाचा पडदा) 12 तास पडली नाही. ओढून काढावी का?

उत्तर : ओढू नका, आणि लोंबत्या वारेला वीट किंवा चप्पलही बांधू नका. ओढल्याने गर्भाशयाला इजा होते, आत तुकडा राहतो, संसर्ग होतो आणि पुढचे कित्येक माज कोरडे जातात. लोंबणारा भाग मांडीला घासत असेल तर तेवढा कापा. ताप, घाण वास किंवा वैरण सोडणं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. 12 तास उलटले तर लक्षणं नसतानाही कळवा. ही म्हैस व्यायल्यापासून 30 दिवसांच्या आत एकदा तपासून घ्या.

गाभ सातव्या महिन्यानंतर पडला असेल आणि वारही अडकली असेल तर ब्रुसेलाचा, म्हणजे गाभ पाडणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या रोगाचा, संशय घ्यायचा. उघड्या हाताने काही हाताळू नका, वार आणि मेलेलं पारडू चुना टाकून खोल पुरा, आणि तुमच्याकडच्या 4 ते 8 महिन्यांच्या पारड्या व कालवडींच्या ब्रुसेला लसीबद्दल दवाखान्यात विचारा. ती आयुष्यात एकदाच द्यायची असते, आणि फक्त मादीला.