तंबोरा रोज स्वतः जुळव

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री उशिरा आलेला लांबलचक मेसेज सकाळी वाचला. पलटे बिनचूक येतात, तान अडखळत नाही, तरी रियाजावरून उठताना ‘एक काम उरकलं’ एवढंच वाटतं, असं लिहिलं आहेस. त्यावर इलाज म्हणून मित्राच्या सांगण्यावरून घराचा एक कोपरा मोकळा केलास. पितळेची समई आणलीस, धूप आणलास, ते तिबेटी वाटीसारखं घुमणारं भांडं आणलंस, लोकरीचं आसनही घेतलंस. थोडे दिवस बरं वाटलं, आता त्यावर धूळ बसते. आणि शेवटी विचारलंस, “ताई, खरा तंबोरा घेऊ का? की तोही त्याच कोपऱ्यात धूळ खात पडेल?”

हा शेवटचा प्रश्न तू प्रामाणिकपणे विचारलास, म्हणून हे पत्र. मेहनत कर, धीर सोडू नकोस, असलं काही लिहिणार नाही. ते तुला सांगण्याची गरज असती तर तू मला लिहिलंच नसतंस.

तंबोरा घे. पण रोज स्वतःच्या हाताने जुळवणार असशील तरच घे. दुसऱ्याने जुळवून दिलेला, किंवा एकदा जुळला म्हणून आठवडाभर तसाच छेडलेला तंबोरा तुझ्या त्या समईच्या शेजारी जाऊन बसेल, याबद्दल मला शंका नाही.

तू आणलेल्या वस्तू वाईट नाहीत. माझ्याही घरी सांजवात लागते. पण त्या समईने तुझ्याकडे काय मागितलं? तेल आणि एक काडी. दिवा लागला की तू मोकळा, आणि मोकळा झालास की मन पुन्हा ऑफिसात. तंबोरा असा मोकळा सोडत नाही. आधी मधल्या दोन तारा, जोडीचा षड्ज म्हणजे ‘सा’, एकमेकींत मिसळायच्या. त्या खरोखर मिसळल्या की दोन तारा आहेत हे कानाला कळेनासं होतं. मग खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’ची शेवटची तार. मग पहिली तार पंचमावर, आणि मालकंस राग गायचा असेल तर मध्यमावर, मारवा असेल तर निषादावर. म्हणजे आज काय गाणार हे तोंड उघडण्याआधी हाताने ठरवावं लागतं. खुंटीने ढोबळ काम होतं, उरलेलं केसाएवढं अंतर तारेत ओवलेल्या मण्याने. शेवटी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखालचं सूत किंचित पुढे-मागे सरकवायचं, आणि एका जागी तार अशी बोलायला लागते की खोली भरून जाते. ती जागा कुठे लिहून ठेवता येत नाही. काल होती तिथे ती आज नसते. हवा बदललेली असते, तारेचा ताण बदललेला असतो, तूही बदललेला असतोस.

खर्ज नीट लागला की त्यातून गंधार ऐकू येतो. कोणी छेडलेला नसतो तो. चारांपैकी एकही तार गंधाराची नाही. तार नुसता आपला एक सूर देत नाही, त्याचे वरचे अंशही तिच्यात असतात. घोडीच्या पसरट गोलाईवर आणि त्या सुताच्या आधाराने ते उघडे पडतात. खर्जाचा पाचवा अंश म्हणजे शुद्ध गंधार. आपले लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. शास्त्र इतकं सरळ आहे. पण पहाटे स्वतः जुळवलेल्या तंबोऱ्यातून तो पहिल्यांदा वर येतो तेव्हा माझा हात आजही थबकतो. मागून मिळालेला नसतो तो; चार तारा खऱ्या लागल्या म्हणून आलेला असतो. देवाबद्दल याहून अधिक मला काही सांगता येत नाही, आणि सांगायची गरजही वाटत नाही.

यावर तू म्हणशील, मोबाइलवरचं तंबोऱ्याचं ॲप यापेक्षा अचूक आहे. आहे ना. मी नाकारत नाही. रेल्वेत, परगावी, कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये खुशाल वापर. पण ॲप उतरत नाही, चढत नाही, पावसाळ्यात रुसत नाही. ते तुझ्यावाचून सुरात असतं. तुझी त्याला गरज नाही, म्हणून तुलाही त्याच्याशी काही देणंघेणं उरत नाही. बटण दाबलंस की पहिल्या सेकंदाला तू गायला लागतोस. कधी ऐकलंस? दिवसभर मीटिंगा, हिंजवडीचा ट्रॅफिक, सगळ्यांचे आवाज कानात घेऊन आलेला माणूस थेट आ लावतो. त्याचा रियाज उरकण्यासारखाच होणार. तंबोरा जुळवताना ऐकल्याशिवाय गत्यंतर नसतं. कान लावला नाहीस तर तार लागत नाही, आणि कान लागला की डोक्यातलं बाकीचं आपोआप खाली बसतं. तू ज्या शांततेसाठी ते घुमणारं भांडं आणलंस, ती या कामात आहे. म्हणून म्हणते, तंबोरा रोज स्वतः जुळव.

हे फक्त आम्हा गाणाऱ्यांचं वेड समजू नकोस. तुझ्या गावी अखंड हरिनाम सप्ताह होतो ना? तिथला वीणेचा पहारा आठव. सात दिवस वीणा जमिनीवर टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, घेणारा आणि देणारा एकमेकांच्या पाया पडतात, आणि मध्यरात्री दोन वाजताही कोणीतरी शेतकरी डोळ्यांवरची झोप आवरत ती गळ्यात घेऊन उभा असतो. वीणा पवित्र कशाने झाली? कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर तिचा भार सतत आहे म्हणून. उद्या कोणी म्हणालं, स्टँडवर ठेवू, स्पीकरला जोडू, तर सप्ताहात उरेल काय?

आणि खाँसाहेब. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँ. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना गाडीत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरले. अखेर जवळ आल्याचं कळल्यावर त्यांनी तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारी रागाच्या सुरांत प्रार्थना म्हणत फलाटावर प्राण सोडला, असं सांगतात. मिरजेला दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसात दरवर्षी मोठमोठे गवई तिथे हजेरी लावतात. मला त्या हकिकतीत नेहमी एकच गोष्ट दिसते. माणूस जातो आहे, भोवती परका मुलूख, आणि तो म्हणतो, आधी तंबोरा जुळवा. आयुष्यभर जे रोज केलं तेच शेवटच्या घटकेला आठवलं.

तू विचारशील, ताई, या हट्टाने तुम्हाला काय मिळालं? तोंडावर विचारणार नाहीस, पण मनात येईल. अनेकांनी विचारलंही आहे. मी लहान मुलांनाही पहिले काही महिने तंबोरा जुळवायलाच बसवायची. पालक म्हणायचे, फी गाण्याची देतो, तारा पिळायची नाही. काहींनी मुलं काढून घेतली. ज्या संस्थेत शिकवत होते तिथे सांगण्यात आलं की परीक्षेचा अभ्यासक्रम पुरा होत नाही, पेटीवर सूर द्या आणि पुढे चला. मी पुढे गेले नाही. नोकरी गेली. मैफली मला फारशा मिळाल्या नाहीत, याचं दुःख आहे. ते लपवण्याइतकी मोठी मी झालेली नाही. माझ्या बरोबरीच्या काहीजणी आकाशवाणीवर गायल्या, सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात गायल्या, आणि मी दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात घरची जागी होण्याआधी, आवाज होऊ नये म्हणून दार लोटून तारा लावत बसले. पण त्या वेळेने मला तोलून धरलं. सासूबाईंचं शेवटचं आजारपण, यजमानांचा कारखाना बंद पडला तो काळ, त्या दिवसांत गळ्यातून सूर निघत नव्हता. गाणं बंद होतं, तरी तंबोरा रोज जुळत होता. जुळवायचा, थोडा वेळ छेडायचा, गवसणी घालून ठेवायचा. ज्यांनी मला ‘तंबोऱ्यातच अडकली’ म्हटलं, त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज तुला देते आहे: अडकले म्हणून उभी राहिले. पुन्हा जन्म मिळाला तर त्याच मुलांना पुन्हा तारा लावायलाच बसवीन.

दुसरी एक गोष्ट मनात सलते. गुरुजींचा तंबोरा. गुरुजी गेल्यावर घरच्यांनी तो विकला, त्यांची अडचण असेल. पुढे एका मोठ्या बंगल्यात काचेच्या कपाटात पाहिला. दांडीला झकपक पॉलिश, वर छोटा दिवा सोडलेला, आणि तारा उतरवलेल्या. घरातली माणसं येता-जाता त्याला नमस्कार करत होती. मला तिथे चहा घशाखाली उतरला नाही. शिष्येचा हक्क कुठल्या कागदावर नसतो, मागणार तरी कशी? म्हणून तुझ्या कोपऱ्याचं वाचलं तेव्हा जीव कळवळला. नमस्कार करायला ठेवलेला तंबोरा मी पाहिला आहे. तू तसा ठेवू नकोस.

आता व्यवहाराचं. ऑनलाइन मागवू नकोस. मिरजेला ये. सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं. या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे, आणि त्यांच्याच हातांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, लाकूड बहुधा तुणीचं. भोपळ्याला चीर नाही ना, दांडी वाकलेली नाही ना, ते मी पाहीन. खुंट्या तू स्वतः फिरवून बघ. घसरत असतील तर खडू लावून थोडं भागतं, पण मुळात नीट बसलेल्या हव्यात. तुझी पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी हा तुझा ‘सा’, तेव्हा पुरुषी मापाचाच लागेल, पाचेक फूट उंचीचा. खोली लहान आहे म्हणून बायकी घेऊ नकोस, खर्ज मिळणार नाही. जवारी, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीला घासून दिलेला आकार, तिथेच समोर बसून काढून घे. कारागीर कानशीचा एकेक हात मारून थांबतो आणि ऐकतो, ते लक्ष देऊन पाहा. माझ्यापेक्षा तो तुला जास्त शिकवील. एसीच्या झोतात तंबोरा ठेवायचा नाही, जमिनीवर कोणाचा पाय लागेल असा ठेवायचा नाही, आणि खंडेनवमीला त्याची पूजा करायची ती तारा लावून.

पहिल्या महिन्यात तुझा अर्धा रियाज जुळवण्यात जाईल आणि तुला माझा राग येईल. येऊ दे. चाळीस मिनिटांतली पंचवीस गेली तरी तान कमी कर, जुळवणं कमी करू नकोस. एखाद्या दिवशी गायला वेळच नसेल, तर गाऊ नकोस. मधल्या बोटाने पहिली, तर्जनीने बाकीच्या तीन, एवढं करून ऊठ. पण लावल्याशिवाय झोपू नकोस. आणि ‘आज जवळजवळ लागला’ असं मला कळवू नकोस. जवळजवळ म्हणजे लागला नाही. पुन्हा बस.

येण्याआधी फोन कर. खर्जाची एक जादा पितळी तार मी काढून ठेवते; पहिल्या आठवड्यात तू एक नक्की तोडणार आहेस.

तुझी,
ताई